सगळीकडून हुंगणारा

माझी थोरली जाऊ वाघाचं नाव घेत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून पाहते आहे. ती 'जनावर' म्हणते, 'तो' म्हणते, नाहीतर नुसती हनुवटी जंगलाकडं उचलते. आमचं गाव चिचगडच्या रस्त्याला, देवरीपासून आत. गावामागं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत आणि शेवटची बांधी संपली की जंगलच सुरू होतं. माझं माहेर गोंदिया शहरातलं. गल्लीत सगळं बोलणं हिंदीतून, आणि वाघ पाहिलेला तो सर्कशीच्या पोस्टरवर. म्हणून पहिल्या वर्षी मी सहज विचारलं होतं, "बाई, इकडं वाघ येतो का हो?" ती चुलीपुढून उठली आणि माझ्या तोंडावर तळहात ठेवून म्हणाली, "नाव नोको घेऊ वं. नाव घेतलं का त्याले आयकू येते."

मला तेव्हा हसू आलं होतं.

मी शाळेत संस्कृत शिकवते. 'व्याघ्र' हा शब्द दरवर्षी फळ्यावर फोडून दाखवायची. वि, आ आणि घ्रा. घ्रा म्हणजे वास घेणं. घ्राण, घ्राणेंद्रिय हे शब्द त्यातूनच आलेले. आ म्हणजे सगळ्या बाजूंनी आणि वि म्हणजे विशेष करून. सगळीकडून नीट हुंगतो तो व्याघ्र. पुढं प्राकृतात त्याचं वग्घ झालं, मराठीत वाघ, आणि आमच्या भागात छत्तीसगडी बोलणारे लोक आहेत त्यांच्याकडं बघवा. मुलांना गंमत वाटायची. त्यांना वाटलेलं असायचं, हा शब्द डरकाळीवरून आला असेल किंवा पट्ट्यांवरून. काही अभ्यासकांना ही फोड पटत नाही हेही मी सांगायची. त्यांच्या मते शब्द दुसऱ्याच कुठल्या भाषेतून आला आणि पंडितांनी त्याला मागाहून संस्कृत कपडे चढवले. सगळ्यात जुन्या वेदात वाघ नाहीच म्हणतात, सिंह आहे. लोक पूर्वेकडच्या दाट रानांत सरकत गेले तेव्हा त्यांना वाघ भेटला आणि मग तो मंत्रांत आला.

शेवटी आमच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट असायची. एक मोठा व्याकरणकार रानात शिष्यांना शिकवत बसलेला असतो. शिष्य एकदम ओरडतात, "व्याघ्र, व्याघ्र." गुरुजींना वाटतं पोरं शंका विचारतायत. ते डोळे मिटून शब्दाची फोड सांगू लागतात. शिष्य झाडावर चढतात, आणि फोड पुरी व्हायच्या आत वाघ गुरुजींना घेऊन जातो. वर्ग खो खो हसायचा. मीही हसायची.

मोहाचा हंगाम सुरू झाला होता त्या दिवसांतली ही हकीकत. नाल्यापलीकडच्या गावातली एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली ती परत आली नाही. दुपारी तिच्या माणसांना ती सापडली. मी तिला ओळखत नव्हते, पण माझी जाऊ ओळखत होती. आठवडी बाजारात दोघी शेजारीशेजारी बसायच्या, एकीला चहाला जायचं असलं की दुसरी तिचा ढीग सांभाळायची. जाऊ मातीला जाऊन आली, विहिरीवर अंघोळ केली आणि न जेवता पडून राहिली. माझे थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरची शेती तीच पाहते, माझ्या नवऱ्याचं देवरीला खताबियाण्यांचं दुकान आहे. तिला असं दिवसाउजेडी पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती ओसरीवर बसली होती.

"मास्तरीन," ती म्हणाली. गाव मला मास्तरीनबाई म्हणतं, ती नुसतं मास्तरीन. "तू पोट्टायले शिकवते ना. त्या शब्दाचा अर्थ काय होते?"

"कोणत्या शब्दाचा?"

तिनं जंगलाकडं हनुवटी उचलली.

मी सांगितलं. सगळीकडून हुंगणारा. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बराबर आहे. ते इकडं तोंड करून वेचून राहिली होती. अन् वारा तिच्याकडून जंगलात जाऊन राहिला होता. तिच्या पोरानं सांगतलं."

इतकी वर्षं मी फळ्यावर जे लिहीत होते ते तिनं त्या मेलेल्या बाईच्या पाठीमागं नेऊन उभं केलं. विषय बदलावा म्हणून मी तिला एका ऋषीची गोष्ट सांगितली. त्याला शंकराच्या पूजेसाठी रोज ताजी फुलं लागत, भुंग्यांनी न शिवलेली. म्हणून तो उजाडायच्या आधी रानात जाई. अंधारात काटे लागत, दगडांनी पाय फुटत. शेवटी त्यानं देवाकडं वाघाचे पाय मागितले आणि देवानं ते दिले. त्याचं नावच पुढं वाघाच्या पायांचा ऋषी असं पडलं.

"म्हणजे आमच्यावानीच," ती म्हणाली. "अंधारात फुलं वेचनारा."

"हो."

"मंग वाघाचे पाय कायले मांगतले त्यानं? चप्पल मांगाची होती."

बोलता बोलता तिच्या तोंडून नाव निघून गेलं. ते तिच्याही लक्षात आलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि आम्ही दोघी अंगणापलीकडं बघत बसलो. उजेड होता, शेजारी कोंबड्या चरत होत्या, तरीही मी उठून फाटकाची कडी लावली.

त्याच आठवड्यात जंगलखात्याची एक वनरक्षक गावात आली. पंचविशीतली मुलगी, खाकी गणवेश, मोटारसायकलवरून फिरणारी. तिनं चावडीपुढं बायकांना गोळा करून सांगितलं की शक्यतो मोहाला जाऊ नका, गेलात तर एकट्या जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका. "आणि वाकलेल्या राहू नका," ती म्हणाली. "वाकून बसलेला माणूस त्याला माणूस दिसत नाही. चार पायांचं जनावर दिसतं. मधूनमधून उभ्या होत राहा." तिच्याकडं प्लास्टिकचे मुखवटे होते, माणसाच्या तोंडाचे, मिशीवाले, हसरे. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो. मागंही तोंड दिसलं की बिचकतो. बायका तोंडात पदर धरून हसल्या आणि हसत हसत सगळ्यांनी एकेक मुखवटा घेतला.

त्यानंतर गावातलं कोणी मोहाला गेलं नाही. पण मोह थांबत नसतो. आमच्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, आमचीच तीन मोठी झाडं आहेत. रात्रभर फुलं गळतात, सकाळी गुरं खाऊन जातात. जाऊ दोन दिवस घरात बसली, तिसऱ्या दिवशी टोपली काढली.

"झाड आपलं, बांधी आपली," ती म्हणाली. "अन् मी घरात बसून राहू?"

मी नको म्हटलं, रागावले, शेवटी रडले. नवरा दुकानाचा माल आणायला गोंदियाला गेला होता. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "तिला कोणी थांबवू शकलं आहे का आजवर? तू जा सोबत." त्याला ते सोपं वाटलं. मी तिच्याबरोबर गेले यात शौर्य काही नव्हतं. ती एकटी गेली असती तर मला घरात बसून वाट पाहावी लागली असती आणि त्या वाट पाहण्याची मला जास्त भीती वाटली.

फटफटलं होतं. आम्ही अगदी अंधार सरल्यावरच निघालो, पण झाडांखाली अजून उजेड पोचला नव्हता. जाऊ पुढं, मी मागं. तिनं मुखवटा बांधला होता. तो माझ्याकडं बघत होता. ती चाले तसं ते हसरं, मिशीवालं तोंड हलत होतं, वर-खाली, वर-खाली, आणि त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून तिचे पांढरे केस दिसत होते. मी माझा मुखवटा बांधला नव्हता, हातात धरला होता. तिच्या पाठीकडं बघू नये म्हणून मी पायांकडं बघत चालले, आणि पायांकडं बघितलं की मागं कोणीतरी आहे असं वाटे. मी वळून बघे. मागं धान कापून गेलेल्या रिकाम्या बांध्या, दूर गावातल्या एका घराचा धूर.

झाडाखालची जमीन जाऊनं आधीच झाडून ठेवलेली होती. त्यावर फुलांचा सडा पडलेला, फिकट पिवळा, टपोऱ्या दाण्यांसारखा. वर अजून फुलं गळतच होती. एकेक फूल खाली पडताना टप् आवाज होई आणि प्रत्येक आवाजाला मी मान वर करी. मोहाचा तो गोड, जड, थोडा आंबूस वास सगळीकडं भरलेला. जाऊ वाकली आणि दोन्ही हातांनी वेचू लागली. मी ठरवलं होतं की आपण वेचायचं नाही, फक्त उभं राहायचं आणि चहूकडं बघायचं. तसं थोडा वेळ केलं. पण ती एकटी वेचते आणि आपण खांबासारख्या उभ्या, हे बरं दिसेना. दुसरं म्हणजे, दोघींनी वेचलं तर लवकर परत जाता येईल. मी वाकले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. टोपली अर्धी झाली असेल. मला भाताचा वास आला.

आमच्याकडं चिन्नोर नावाचा सुवासिक तांदूळ होतो. त्याचा भात चुलीवर उकळू लागला की घरभर वास सुटतो, शेजाऱ्याला कळतं की आज पाहुणे आहेत. अगदी तोच वास. मला आधी बरंच वाटलं. म्हणजे जवळपास कोणीतरी माणसं आहेत, कोणी राखणदार असेल, चूल पेटवली असेल.

"बाई," मी हळू म्हटलं, "इथं कोणी भात मांडला का हो?"

जाऊ वेचता वेचता थांबली. तिनं मान न वळवता नाकानं श्वास ओढला. मग ती सरळ उभी झाली, अगदी सावकाश, आणि हात मागं करून मला बोटांनी वर वर अशी खूण केली.

"उभी राह्य," ती म्हणाली. "वाकू नोको. पळू नोको."

मी उभी राहिले. ती जिकडं बघत होती तिकडं मला काही दिसेना. शेवटच्या झाडापलीकडं धुऱ्यावर एक वारूळ होतं. मग त्या वारुळाचा कान हलला.

वाघीण बसलेली होती. पुढचे पाय टेकून, मान ताठ, आमच्याकडं तोंड करून. किती दूर होती ते मी पुढं अनेकांना अनेक प्रकारे सांगितलं आणि दर वेळी अंतर वेगळं सांगितलं. खरं म्हणजे मला अंतर कळलंच नाही. तोंडाभोवतीचा पांढरा रंग दिसला. डोळे दिसले, पण त्यांत राग, भूक असलं काही दिसलं नाही. ती नुसती बघत होती. तिच्या नाकपुड्या हलत होत्या की नाही हेही दिसलं नाही, पण मला त्या हलताना वाटल्या. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल तर वि, आ, घ्रा. वि, आ, घ्रा. देवाचं नाव आलं नाही, शिकायला बाहेरगावी असलेल्या माझ्या लेकाचा चेहरा आला नाही. डोकं त्या शब्दाची फोड करत राहिलं, गिरणी रिकामी फिरत राहावी तसं, आणि मला ते थांबवता येईना. पायांतून ऊब उतरल्यासारखं वाटलं. साडी ओली झाली होती.

जाऊ बोलू लागली. मोठ्यानंही नाही, कुजबुजतही नाही, शेजारणीशी बोलावं तशी. "आमी जाऊन राहिलो बापा. तू बस. आमी फुलाले आलो होतो. फुलं ठेवून जाऊन राहिलो. तुझं तू, आमचं आमी." बोलत बोलत तिनं एक पाय मागं टाकला. मग दुसरा. मला म्हणाली त्याच आवाजात, "पाठ नोको दाखवू. मागं पाय टाक. धुऱ्यावरून पडशीन, पायानं चाचपून टाक." आणि परत तिकडं, "बस बापा, बस."

आम्ही तशाच मागं मागं गेलो. एका बांधीत माझी चप्पल ढेकळांत अडकली ती तिथंच राहिली. उभ्या खुंटांनी तो तळपाय सोलून निघाला, ते नंतर कळलं. झाडांमुळं ती दिसेनाशी झाली तेव्हा जास्त भीती वाटली. दिसत होती तोवर ती कुठं आहे ते ठाऊक होतं. आता ती कुठंही असू शकत होती. जाऊचं बोलणं मात्र चालूच होतं, समोर कोणी नसताना, थेट सडकेपर्यंत.

सडकेवर आल्यावर ती खाली बसली आणि तिला उलटी झाली. मी तिला सावरायला वाकले तर तिच्या उजव्या हाताची मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. आत मोहफुलांचा लगदा झाला होता.

वनरक्षक दुपारी चार माणसं घेऊन आली. ती झाडापर्यंत जाऊन पाहून आली आणि आमच्या ओसरीवर बसली. "मादी आहे," ती म्हणाली. "पिलं आहेत सोबत, लहान पाऊल उमटलं आहे. धुऱ्याच्या मागं पळसाच्या झुडपात ठेवली असतील. म्हणून बसून राहिली." भाताच्या वासाचं मी विचारलं. ती म्हणाली, "तो तिचाच वास. आपली हद्द दाखवायला झाडावर लघवीची पिचकारी मारतात. आम्हांला शिकवतात तो ओळखायला. तुम्हांला आला म्हणजे जवळच मारलेलं असणार. पण मॅडम, तुमचा वास तिला तुम्ही घरून निघाल्यात तेव्हाच आला असेल."

तिनं ते धीर द्यायला सांगितलं की सहज, मला समजलं नाही. त्या वाक्यानं माझी झोप मात्र गेली. म्हणजे मी मुखवट्याला घाबरत, पायांकडं बघत चालत होते तेव्हा ती आम्हांला ओळखून बसली होती. माझ्या केसांचं तेल, जाऊची तंबाखूची मिश्री, आमच्या अंगाचा घाम, आणि त्या घामात भीतीही असते म्हणतात.

गावात सभा झाली. नाल्यापलीकडचे लोक म्हणाले, हीच ती, पिंजरा लावा. कोणी म्हणालं ती दुसरी. मोहाच्या बुंध्यांना कॅमेरे बांधले गेले. त्यांत ती दिसली, मागं पिलं दिसली. मग बरेच दिवस काहीच दिसलं नाही, आणि पुढं बातमी आली की ती पिलांना घेऊन नवेगावच्या जंगलाकडं सरकली. त्या बाईला मारणारी तीच होती की नाही हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. मेलेल्या बाईच्या मुलानं आमच्या घरी येऊन मला विचारलं, "तुमी त पाह्यलं ना जी. तोंड कसं होतं?" मी काय सांगणार होते? चांगलं होतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

गावातली भीती ओसरली, माझी राहिली. शाळेला जायचा रस्ता जंगलातून. मी स्कूटी सोडली, भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये मधल्या सीटवर बसून जाऊ लागले. वर्गात तो शब्द आला की मी तो धडा मुलांना वाचायला सांगून खिडकीशी उभी राही. घरात चिन्नोर शिजवणं बंद केलं. नवरा म्हणाला, "उगाच भिऊन राहिली तू. गेली ना ती." त्याचं बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

वैशाखात नात्यातलं एक लग्न सडक अर्जुनीला होतं, महामार्गालगतच्या एका सभागृहात. पंगत बसली. वाढपी आले आणि पानावर वाफाळता भात पडला, चिन्नोरचा. मी उठले. कोणाच्या पानावर पाय पडला तेही पाहिलं नाही. बाहेर येऊन महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, कारण तिथं डिझेलशिवाय कसलाच वास नव्हता. मागोमाग जाऊ आली. तिनं मला धरून एका ढाब्याच्या बाजेवर बसवलं आणि चहा सांगितला.

"बाई, तुम्हांला नाही का वाटत भीती?" मी विचारलं. "त्या दिवशी तुम्ही किती शांत बोलत होतात."

ती चहाकडं बघत म्हणाली, "शांत कायची? बोलणं बंद केलं असतं त पाय पळाले असते. म्हणून बोलून राहिली होती." थोड्या वेळानं म्हणाली, "भेव मले बी वाटते. लहानपनापासून वाटते. रोजच वाटते. तुले आता वाटून राहिलं."

"मग जगता कसं हो?"

"बाजूले कोनी असलं का वाटते कमी. नसलं का जास्त. बस."

आमच्याकडचं भेव म्हणजे संस्कृतातलं भय, धातू भी. शिकवताना तो मी शेकडो वेळा चालवला आहे. पण त्या बाजेवर बसून मला पहिल्यांदा त्या माणसाचा विचार आला ज्यानं वाघाला हुंगणारा म्हटलं असेल. फोड खरी असो की मागाहून लावलेली, ती लावणारा कोणीतरी होताच. त्यानं पट्टे सोडले, दात सोडले, गर्जना सोडली आणि नाक धरलं. लोक पुढं शूर माणसाला पुरुषव्याघ्र म्हणू लागले, राजाला अभिषेकाच्या वेळी व्याघ्रचर्मावर उभं करू लागले, शंकराला त्यावर बसवलं, देवीला वाघावर बसवलं. यातला प्रत्येक वाघ कोणाच्या तरी ताब्यातला आहे. त्या पहिल्या माणसाचा वाघ तसा नव्हता. तो कुठं आहे ते माणसाला ठाऊक नव्हतं, आणि माणूस कुठं आहे ते वाघाला ठाऊक होतं. हे मी जाऊला सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला."

पावसाळा लागला, रोवणी आली. धानाची रोपं लावायला बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, ओळीनं, पाठी आभाळाकडं. शेवटच्या बांधीची पाळी आली त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. नवऱ्यानं विचारलं, कायला? हातात एक काठी आणि एक रिकामा डबा घेतला आणि धुऱ्यावर जाऊन उभी राहिले, जंगलाकडं तोंड करून.

बायकांना गंमत वाटली. एक म्हणाली, "मास्तरीनबाई, रोवाले या, मजुरी देतो." दुसरी म्हणाली, "राहू दे वं, राखन करून राहिल्या." जाऊ ओळीच्या टोकाला होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि परत वाकली.

मला भीती वाटत होती. पळसांची पानं पावसानं हलली तरी वाटत होती. मधूनच मी डबा वाजवे आणि त्या आवाजानं स्वतःच दचके. पाऊस आला तेव्हा बायकांनी इरली डोक्यावर घेतली, मी तशीच भिजत राहिले, कारण छत्री उघडली असती तर अर्धं जंगल तिच्याआड गेलं असतं. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. बांधी हिरवी झाली. बायका पाटाच्या पाण्यात पाय धुऊन सडकेनं गावाकडं निघाल्या आणि त्यांच्या मधोमध मी.

आता दरवर्षी मी त्या दिवशी रजा टाकते. बायका हसत नाहीत, पाळी ठरली की आदल्या दिवशी कोणीतरी घरी सांगून जातं, "उद्या तिकडली बांधी आहे जी." शब्दही मी परत फळ्यावर फोडू लागले आहे. गुरुजींची गोष्ट सांगत नाही.

जाऊ अजून त्याचं नाव घेत नाही. मीही घेत नाही, निदान बांधीवर तरी.